बरणीतला बांगडा

बांगडा हा मासा कधी एकटादुकटा येत नाही. पावसाळा सरून समुद्र निवळू लागला, की रत्नागिरीपासून खाली थेट कोल्लमपर्यंतच्या किनाऱ्याला त्याच्या झुंडीच्या झुंडी लागतात. एखाद्या सकाळी रापण ओढली, की वाळूवर मासळीचा रुपेरी ढीग पडतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच माणसांना, पाटीभर मासळी मिळेल याचाही भरवसा नसतो. ज्या दिवशी बांगडा मिळतो त्या दिवशी तो इतका मिळतो, की किनाऱ्यावरच्या साऱ्या गावांनी पोटभर खाल्ला तरी तो उरावा. आणि उरलेला बांगडा थांबत नाही. त्याचे मांस तांबूस व तेलकट. आश्विन-कार्तिकातल्या उन्हात काही तासांतच ते बिघडू लागते. बर्फ हाताशी येण्यापूर्वीच्या काळात या किनाऱ्यावरच्या गाबितांना, खारव्यांना, मोगवीरांना आणि मुक्कुवांना पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न पडत आला: आजची ही लयलूट आषाढात, होड्या शाकारून वर ओढलेल्या असताना, ताटात कशी आणावयाची?

बोंबील, जवळा, मांदेली यांना उन्हाचा उपाय पुरतो. त्यांचे अंग पातळ. दोनचार कडक उन्हे मिळाली, की ती खडखडीत वाळतात. बांगड्याचे तसे नाही. तो पुरता वाळण्याआधीच त्याच्या अंगातले तेल खवट होते. म्हणून बांगडा खारवावा लागतो. त्याचे पोट काढून आत-बाहेर मीठ भरावयाचे आणि मग तो उन्हात टाकावयाचा, ही कोकणातली परिचित रीत. परंतु दक्षिण कानडा आणि मलबार येथे याच्या पुढची एक पायरी लोकांना सापडलेली होती. तेथे बांगडा वाळवीत नसत. तो मुरवीत असत.

ही कृती दिसावयास साधी होती. माशाचे कल्ले आणि आतडी काढून टाकावयाची, तो समुद्राच्या पाण्यात स्वच्छ धुवावयाचा, आणि तीन भाग माशास एक भाग या मानाने मीठ चोळून तो हौदात रचावयाचा. रचताना मधूनमधून एका आंबट फळाच्या वाळलेल्या काळ्या फोडी टाकावयाच्या. थोड्याच वेळात माशाच्या अंगचे पाणी सुटून त्याचा खार तयार होतो. मासा वर तरंगू नये म्हणून त्यावर वजन ठेवावयाचे आणि दोनचार महिने त्याच्याकडे पाहावयाचेदेखील नाही. पुढे हाच मासा, त्याच्याच खारासह, लाकडी पिंपांत भरला जाई आणि गलबतांतून दक्षिणेकडे रवाना होई. त्याची मोठी बाजारपेठ कोलंबो. म्हणून मद्रास इलाख्याच्या सरकारी दप्तरांत या कृतीला ‘कोलंबो क्युअर’ असे नाव पडले. सिंहली लोक आपल्या घरीही असा मासा मुरवितात व त्यास ‘जाडी’ म्हणतात. जाडी म्हणजे बरणी. ज्या भांड्यात मुरावयाचे त्याचेच नाव पदार्थाला मिळाले.

ते आंबट फळ म्हणजे सिंहलींचे गोरका, मलबारचे कुडंपुळी आणि कारवारकडील उप्पागे. मराठी माणसाला ते अगदीच परके वाटावयाचे कारण नाही, कारण ते आपल्या रातांब्याचे सख्खे भावंड आहे; दोन्ही झाडे एकाच कुळातली. कोकणात रातांब्याच्या साली वाळवून सोले करतात, तर मलबारात कुडंपुळीच्या फोडी उन्हात आणि चुलीच्या धुरावर काळ्या होईपर्यंत सुकवितात. फरक एवढाच, की कोकणातली सोले प्रामुख्याने कालवणात पडतात, म्हणजे मासा खावयाच्या वेळी. आणि कोलंबोच्या पिंपातली फोड पडे ती मासा मारल्याच्या दिवशी. हा फरक चवीचा नाही. तो वेळेचा आहे, आणि खाणाऱ्याच्या जिवाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

बंद पिंपात, हवेवाचून, महिनोन् महिने पडून राहिलेला मासा विषारी का होत नाही, हे पाहण्यासारखे आहे. हवेवाचून वाढणारा एक जंतू निसर्गात सर्वत्र आढळतो. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीसाठी जमलेल्या वाजंत्र्यांनी खारविलेल्या डुकराचे मांस खाल्ले. त्यांच्यापैकी तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेन्गेम या प्राध्यापकाने हा जंतू शोधून काढला. त्याचे विष मज्जातंतूंना लुळे पाडते. दृष्टी दुहेरी होते, गिळणे थांबते, शेवटी श्वास थांबतो. हा जंतू माशाच्या आतड्यांत आणि समुद्राच्या गाळातही असू शकतो. परंतु त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत: भरपूर मीठ आणि भरपूर आंबट. मलबारच्या कोळ्याने आतडी आधीच काढून टाकलेली असत, मीठ हात न आखडता घातलेले असे आणि वर कुडंपुळीचे आम्ल होते. जंतूचे नावही ज्याने ऐकले नव्हते, त्याने जंतूच्या तिन्ही वाटा बुजविल्या होत्या.

यांतली एक वाट जरी उघडी राहिली, तरी काय होते याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ईजिप्तमध्ये वसंतोत्सवाच्या दिवशी ‘फसीख’ नावाचा मुरविलेला खारा मासा खाण्याची प्राचीन चाल आहे. १९९१ च्या एप्रिल महिन्यात कैरो शहरात हा मासा खाऊन ९१ माणसांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांतील १८ मरण पावली. मासा आतड्यांसकट होता, आणि मीठ घालण्यापूर्वी त्याला मुद्दाम कुजू दिले असावे असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. मीठ होते, परंतु ते उशिरा आले.

बांगड्याच्या बाबतीत याहूनही घरगुती असे एक विष आहे. ते माणसाला क्वचितच मारते, पण त्याने छळलेली माणसे किनाऱ्यावर गावोगाव आढळतील. बांगडा, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य मुळातच विपुल असते. मासा उन्हात पडला, की त्यावरचे जंतू या द्रव्याचे रूपांतर हिस्टामीनमध्ये करतात. असा मासा खाल्ला, की तासा-दोन तासांत, कधी काही मिनिटांतच, तोंड लाल होते, डोके ठणकते, छाती धडधडते, अंगावर गांधी उठतात. एखाद्या दिवसात हे सारे ओसरते, आणि ‘बांगडा उष्ण पडला’ किंवा ‘बांगडा बाधला’ असे म्हणून घरातली माणसे ते विसरूनही जातात. वस्तुतः बाधलेला असतो तो बांगडा नव्हे. पकडल्यानंतर तो ज्या उन्हात पडून राहिला ते ऊन बाधलेले असते. या विषाची खोड अशी, की ते एकदा तयार झाले म्हणजे जात नाही. मासा उकळा, तळा, भाजा, खारवा, वाळवा किंवा बर्फात ठेवा. जंतू मरतील, हिस्टामीन तसेच राहील. त्याला वासही नसतो. मासा दिसावयास चांगला, वासाला चांगला, आणि तरी बाधणारा असू शकतो.

मात्र निसर्गाने येथे एक लहानशी सूचना ठेवलेली आहे. हिस्टामीन फार झालेला मासा पुष्कळदा जिभेला चुणचुणतो. मिरी चावल्यासारखा झोंबतो. आजारी पडलेली माणसे नंतर हटकून सांगतात, की मासा जरा तिखट लागला होता. परंतु ज्या कालवणात मुळातच मिरच्या, मिरी आणि तिरफळे पडलेली आहेत, त्यात हे झोंबणे कोणाला कळणार? तिरफळाचा तर गुणच जिभेला झिणझिण्या आणण्याचा. ज्या माशाचा इशारा मिरीच्या चवीने यावयाचा, त्याच माशात आपण जीभ बधिर करणारे फळ आवर्जून घालतो! यात तिरफळाचा दोष नाही. ताज्या बांगड्याच्या उग्र वासावर तिरफळासारखा दुसरा उतारा नाही, आणि त्याच्यावाचून झालेले कालवण मालवणी माणसाला कालवण वाटणार नाही. परंतु ‘तिरफळ घातले म्हणजे बांगडा बाधत नाही’ ही जी समजूत घरोघर ऐकू येते, तिला आधार नाही.

मसाल्यांविषयीच्या या समजुती केवळ घरगुती नाहीत. विद्वानांतही त्या होत्या आणि आहेत. मध्ययुगातल्या युरोपीय लोकांना कुजलेल्या मांसाची घाण झाकण्यासाठी मिरी-लवंगा लागत, ही पाठ्यपुस्तकांत मुरलेली कथा इतिहासकारांनी आता बाजूस सारली आहे. ज्याला मिरी परवडे, त्याला ताजे मांस सहज परवडत असे. पुढे १९९८ साली अमेरिकेतील बिलिंग व शर्मन यांनी ३६ देशांच्या ९३ पाकपुस्तकांतल्या ४,५७८ कृती तपासून असा सिद्धान्त मांडला, की उष्ण प्रदेशांत मसाले अधिक वापरले जातात ते जंतू मारण्यासाठी. मसाला म्हणजे जणू अनुभवाने सापडलेले औषधच. हा सिद्धान्त ऐकावयास इतका गोड होता, की तो जगभर पसरला. परंतु २०२१ साली ऑस्ट्रेलियातील लिंडेल ब्रोमहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७० पाकपरंपरांतल्या ३३,७५० कृती घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा उष्ण हवा, अन्नातून होणारे रोग आणि मसाला यांचा कार्यकारणसंबंध काही केल्या सिद्ध होईना.

याचा अर्थ मसाल्यात काहीच बळ नाही, असा मात्र करू नये. लवंगेतील तेल जंतूंना मारक आहे, हे दंतवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९९३ साली वेंडाकून व साकागुची या संशोधकांनी बांगड्याच्या जातीच्या माशाच्या अर्कात मीठ आणि लवंग एकत्र घालून पाहिली, तेव्हा जंतूंची वाढ आणि हिस्टामीनची निर्मिती या दोहोंना चांगलाच आळा बसला. कोरियात मुरविलेल्या मांदेलीसारख्या माशावर लसणीचा असाच परिणाम २००९ साली नोंदविला गेला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या प्रयोगांत मसाला पडला होता तो आरंभी, आणि मिठाच्या जोडीने. ताटात वाढतेवेळी पडलेल्या मसाल्याला हे काम साधत नाही. मसाला हा मिठाचा मदतनीस होऊ शकतो. मिठाचा धनी होऊ शकत नाही.

गोव्याच्या ‘परा’ या लोणच्यात हे चांगले दिसते. खारवून वाळविलेला बांगडा लाल मिरची, लसूण, आले, हळद अशा मसाल्यात घालून तो माडाच्या व्हिनेगरमध्ये बुडवितात. खाणाऱ्याला आठवते ती मिरची. राखण करतात ती मीठ आणि व्हिनेगर. मिरची बिचारी पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर उतरली. मासा खारविण्याची विद्या त्यापूर्वी कितीतरी जुनी आहे.

तेव्हा खारा मासा निर्धोक होण्याचे सारे रहस्य अखेरीस एका वाक्यात येते: मीठ भरपूर हवे आणि ते लगेच हवे. आणि नेमकी हीच गोष्ट एकोणिसाव्या शतकात या देशातल्या कोळ्याच्या हातून हिरावली गेली.

मुंबई इलाख्यात १८३७ साली मिठावर मणास आठ आणे कर बसला. १८४४ साली तो एकदम रुपया करण्यात आला, तेव्हा सुरत शहरात मोठा दंगा झाला आणि सरकारला बारा आण्यांवर उतरावे लागले. पण ही माघार तात्पुरती होती. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीला ओहोटी लागली आणि कर पायरीपायरीने चढत गेला. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये झाला. पन्नास वर्षांत पाचपट! भाकरीबरोबर मीठ खाणाऱ्या शेतकऱ्याला हा कर जाचकच होता. परंतु शेतकऱ्याला वर्षाला काही शेर मीठ लागते. कोळ्याला तीन मण मासळीमागे एक मण लागते. ज्या दिवशी रापण फळली, त्या दिवशी मासळी स्वस्त आणि मीठ महाग, असा उफराटा न्याय किनाऱ्यावर सुरू झाला. मग माणसाने काय करावे? मीठ कमी घालावे. किंवा चांगला मासा ताजाच विकून, न खपलेला, दुपारपर्यंत उन्हात पडलेला मासा तेवढा खारवावा. किंवा खाडीकाठची खारी माती खरवडून तीच माशाला फासावी. तीही करचुकवेगिरी म्हणून गुन्ह्यात मोडे.

फ्रान्सिस डे हे नाव मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. मद्रासच्या लष्करातले हे शल्यवैद्य पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी हिंदी माशांवर जो महाग्रंथ सिद्ध केला, तो आजही आधारभूत मानला जातो. १८७३ सालच्या आपल्या अहवालात त्यांनी समुद्रातील मासेमारी व मिठाचा कर यांचा संबंध सरकारपुढे ठेवला. त्यानंतरच्या वर्षांत किनाऱ्यावर मासे खारविण्याची सरकारी आवारे निघाली. कुंपण घातलेल्या या आवारात कोळ्याने मासा आणावयाचा. तेथे त्याला, माशाचे वजन पाहून, करमुक्त किंवा जवळजवळ करमुक्त मीठ मिळावयाचे. आणि मासा तेथेच, अधिकाऱ्यांच्या नजरेखाली खारवून मग बाहेर न्यावयाचा. कल्पना चांगलीच होती आणि तिचा पुष्कळांना उपयोगही झाला. परंतु आवारे होती मीठखात्याच्या ताब्यात. मीठखात्याचा शिपाई पाहत असे तो मिठाचा खडा बाहेर जातो का. आत आलेला मासा ताजा आहे की शिळा, हे पाहणे त्याच्या कामात नव्हते. मासा काही कचेरीची वेळ पाहून जाळ्यात येत नाही, ही अडचण सरकारी नियम करताना कोणाच्या लक्षात राहिली असेल असे वाटत नाही. आवार दूर असले, वजन व्हावयास वेळ लागला, की तेवढा वेळ मासा उन्हात. हिस्टामीनचा हिशेब घड्याळावर चालतो. मीठखात्याचा चाले तो वहीवर.

गोव्याचे मीठ या कराच्या कुंपणाबाहेर होते, म्हणून दक्षिण कोकणाला त्याचा आसरा असे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि त्यान्वये गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा बसला. १८८० पासून १८९२ पर्यंत हा तह अमलात होता. तेवढ्या वर्षांत गोव्यातील मीठ महागले, आणि जेथे मीठ पिकते तेथेच मासा खारविणे परवडेनासे झाले.

मिठावाचून मासा टिकविणारी माणसे या देशात नाहीत असे नाही. समुद्रापासून दूर, डोंगरांनी वेढलेल्या मणिपुरात ‘ङारी’ करतात ती लहानशा गोड्या पाण्यातल्या माशांची, आणि तीत मीठ जवळजवळ नसतेच. मासा आधी उन्हात कडकडीत वाळवितात, मग मोहरीचे तेल पाजलेल्या मातीच्या घड्यात तो दाबून भरतात आणि तोंड लिंपून महिनोन् महिने ठेवतात. तेथे मिठाचे काम वाळवणीने केले. परंतु ही युक्ती बोटभर लांबीच्या माशाची आहे. तेलाने निथळणाऱ्या बांगड्याला ती लागू पडत नाही. त्याला मीठच हवे.

मिठाच्या या कराला एक विलक्षण टीकाकार लंडनमध्ये मिळाला. सर जोनाथन हचिन्सन हे तेथील नामांकित शल्यवैद्य आणि त्वचारोगांचे जाणकार. महारोग कशाने होतो, याचा ध्यास त्यांनी आयुष्यभर घेतला होता. नॉर्वेच्या हान्सेन यांना महारोगाचा जंतू १८७३ सालीच सापडला होता. तरी तो शरीरात शिरतो कोठून हे कळत नव्हते. हचिन्सन यांचे उत्तर ठाम होते: नीट न खारविलेल्या, अर्धवट कुजलेल्या माशातून. त्यासाठी वृद्धापकाळात त्यांनी दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान पालथे घातले आणि १९०६ साली ‘महारोग आणि मत्स्याहार’ या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. मिठावर कर, म्हणून मीठ अपुरे. मीठ अपुरे, म्हणून मासा खराब. आणि मासा खराब, म्हणून महारोग, अशी ती साखळी. तिच्यातील शेवटचा दुवा साफ चुकीचा होता. माशाला कधी न शिवणाऱ्या लोकांतही महारोग होतो, ही उघड अडचण त्यांना कधीच नीट ओलांडता आली नाही, आणि वैद्यकाने पुढे त्यांचे म्हणणे टाकून दिले.

परंतु साखळीचे पहिले दोन दुवे पक्के होते, आणि हचिन्सन यांच्या चुकीबरोबर तेही दृष्टीआड झाले, ही या कथेतील खेदाची बाजू. अर्धवट खारविलेला मासा माणसाला खरोखरच बाधत होता. मात्र ज्या द्रव्याने तो बाधतो त्याचा रसायनशास्त्रालाच तोवर पत्ता नव्हता. हिस्टामीन प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले ते १९०७ साली, म्हणजे हचिन्सन यांच्या ग्रंथानंतर अवघ्या एका वर्षाने. शरीरावरील त्याचे परिणाम बार्जर, डेल इत्यादी शास्त्रज्ञांनी त्यानंतरच्या वर्षांत उलगडले. म्हाताऱ्या हचिन्सन यांनी गुन्हेगार चुकीचा धरला. पण गुन्हा झाला होता, ही त्यांची शंका खोटी नव्हती.

लंडनमध्ये हा वाद चालू असताना मद्रासेत एक निवृत्त सनदी अधिकारी याच प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहत होते. सर फ्रेडरिक निकल्सन यांचे नाव सहकाराच्या इतिहासात येते ते त्यांनी शेतकऱ्यांच्या पेढ्यांविषयी १८९५ ते १८९७ मध्ये सादर केलेल्या अहवालामुळे. १९०५ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी मद्रास इलाख्यातील मत्स्यव्यवसायाची पाहणी अंगावर घेतली, जपानला जाऊन तेथील कोळ्यांच्या रीती पाहिल्या आणि मलबारच्या किनाऱ्यावर मासळी टिकविण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या कामाचा रोख असा, की नुसते मीठ स्वस्त करून भागणार नाही. मासा ताजा असतानाच तो हातात घेतला पाहिजे, स्वच्छ केला पाहिजे आणि मग खारविला पाहिजे. यात नवे ते काय, असे पिंपात कुडंपुळी टाकणारा मलबारी कोळी म्हणाला असता! आणि ते बरोबरच होते. ‘कोलंबो क्युअर’चा मासा परदेशच्या बाजारात जावयाचा, तेथे तो परत आला तर व्यापारी बुडावयाचा, म्हणून त्यासाठी कल्ले-आतडी काढण्याची, धुण्याची आणि मीठ भरपूर घालण्याची शिस्त टिकून राहिली. ढिलाई होती ती आपल्याच घाटावरच्या बाजारात जाणाऱ्या स्वस्त खाऱ्या मासळीत, जिचे गिऱ्हाईक गरीब होते आणि जे तक्रार करावयास कोठे जाणार नव्हते.

१९३० साली दांडीला जे घडले ते सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळ शिरोड्याच्या मिठागरांवर महाराष्ट्रातील सत्याग्रही जमले. या सत्याग्रहाच्या वर्णनांत शेतकरी येतो, मजूर येतो. खाऱ्या माशाचा उल्लेख क्वचितच येतो. तथापि शिरोड्याची किनारपट्टी बांगड्याची आहे, आणि मिठाचा कर तेथे कोणाला किती झोंबत होता, हे निराळे सांगावयास नको. १९३१ च्या मार्चमधील गांधी-आयर्विन करारान्वये मिठागरांलगतच्या गावकऱ्यांना घरच्यापुरते आणि गावात विकण्यापुरते मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. अखेर १९४७ च्या एप्रिलपासून हा कर उठला.

तोवर काळही बदलू लागला होता. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक होड्या आल्या, त्यांच्यामागून बर्फाचे कारखाने आले, आणि बांगडा पिंपाऐवजी बर्फाच्या पेटीतून शहराकडे धावू लागला. १९५७ साली कोचीन येथे मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था निघाली. हिस्टामीनची मर्यादा आज कायद्याने आखून दिलेली आहे; आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे ती किलोमागे २०० मिलिग्रॅम, आणि माशाच्या मुरविलेल्या रसासाठी ४०० मिलिग्रॅम. ही दुप्पट मोकळीक बोलकी आहे. खाऱ्या पाण्यातच सुखाने वाढणारे आणि तेथे हिस्टामीन तयार करणारेही काही जंतू आहेत. म्हणून मुरविलेल्या माशात नुसत्या मिठावर सर्वस्वी विसंबता येत नाही. मिठाबरोबर आम्लाचा पहारा हवा, तो यासाठीच.

त्या आम्लाची ओळख पटावयास मात्र १९६५ साल उजाडावे लागले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुइस आणि नीलकंठन यांनी त्या वर्षी असे दाखवून दिले, की कुडंपुळीत मुख्यत्वे असते ते चिंचेतले आम्ल नव्हे, लिंबातलेही नव्हे, तर हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. रातांब्याच्या सालीतही तेच आहे. या शोधाचे पुढे एक गमतीदार पर्यवसान झाले. हे आम्ल चरबी बनण्याच्या क्रियेत अडथळा आणते, असे प्रयोगशाळेत दिसून आले, आणि १९९० च्या सुमारास पाश्चात्त्य देशांतील औषधांच्या दुकानांत वजन उतरविण्याच्या गोळ्या म्हणून कुडंपुळीचा अर्क विकला जाऊ लागला. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या काळजीपूर्वक चाचणीत त्या गोळ्यांनी कोणाचे वजन विशेष उतरल्याचे दिसले नाही. तरी गोळ्यांचा खप चालूच आहे.

श्रीलंकेत जाडी आजही घातली जाते. मातीची बरणी, जाडे मीठ, गोरक्याच्या काळ्या फोडी आणि सकाळी उतरलेला मासा. बरणीचे तोंड बांधण्यापूर्वी घरातली म्हातारी माशाचा कल्ला राहिला तर नाही ना, हे बोट घालून पाहते. तिखट आणि मिरी पडते ती पुढे केव्हातरी, बरणी उघडल्यावर, कढईत.